बिनखिडकीची केबिन

माझे सासरे बोटीवर होते, एवढंच मला लग्न ठरताना सांगितलं होतं. रत्नागिरीत तेवढं सांगितलं की पुरतं. बोटीवर म्हणजे मालवाहू जहाजावर. दहा-अकरा महिने बाहेर, मग दोन-अडीच महिने घरी. ते इंजिनखोलीत तेलवाले होते, म्हणजे यंत्रांना तेल घालायचं काम. मी सून म्हणून घरात आले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मला मोठा आनंद झाला होता. ज्याने सुएझचा कालवा डोळ्यांनी बघितलाय असा माणूस आता घरातच होता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "बाबा, सुएझ दिसतो कसा?"

"मी खाली होतो," ते म्हणाले.

"आणि पनामा?"

"तेव्हापण खालीच होतो."

त्यानंतर मी विचारायचं सोडून दिलं. ते रागीट नव्हते, अबोलही म्हणता येणार नाही. बाजारात सुरमईच्या भावावरून अर्धा तास बोलत. पण बोटीचा विषय निघाला की चपला घालून बाहेर जात. सासूबाईंनीही कधी त्यांना छेडलं नसावं. त्यांचा संसार पत्रांवर झालेला, आणि पत्रात काय असायचं, तर सगळे खुशाल आहेत ना, विहिरीला पाणी आहे ना, एवढंच. पूर्णगडच्या घरात दोन लहान मुलं घेऊन त्या वर्षानुवर्षं एकट्या राहिल्या. त्यामुळे त्यांची झोप इतकी सावध झाली की कौलावरून मांजर गेलं तर ते काळं की पांढरं हेही सांगतील, असं माझे यजमान म्हणत. पुढे आम्ही रत्नागिरीत किल्ल्याच्या बाजूला घर बांधलं, माणसं वाढली, दाराला चांगली कडी आली, तरी झोप तशीच राहिली.

२००६ साली दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, तेव्हा आमच्या चित्रकलेच्या बाई एक गुळगुळीत पुस्तिका घेऊन आल्या. त्या मुंबईहून गोव्याला आणि परत, अशा तीन रात्रींच्या क्रूझला जाऊन आल्या होत्या. मी ती पुस्तिका घरी आणली, सासऱ्यांना दाखवू म्हणून. त्यांनी ती एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली आणि टेबलावर ठेवली. सासूबाईंनी मात्र चष्मा लावून पानन् पान बघितलं. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "ह्या बोटीत बायकांना घेतात?"

"पैसे दिले की कोणालाही घेतात, आई."

"मग मला जायचंय."

"काय बघायचंय तिथे?"

"बोट," त्या म्हणाल्या आणि खडा काढून टाकला.

माझ्या यजमानांना रजा मिळण्यासारखी नव्हती. सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मी पैसे घेऊन बोटीवर जायचो. पैसे देऊन नाय जाणार. तुम्ही जा." त्यामुळे नाताळच्या सुट्टीत सासूबाईंनी आणि मी जायचं ठरलं. सासूबाईंची आंबापोळी आणि फणसपोळी विकून साठलेली शिल्लक पोस्टात होती. त्यांचं तिकीट त्यातूनच निघायला हवं असा त्यांचा हट्ट होता, म्हणजे स्वस्तातलंच काहीतरी बघायला हवं होतं. आणि स्वस्त असून शांत हवं, नाहीतर तीन रात्री त्यांचा डोळा लागणार नाही, आणि त्यांचा नाही तर माझाही नाही.

एसटी स्टँडजवळच्या एजंटकडे गेले तर त्याने पाच मिनिटांत प्रश्न निकालात काढला. "मॅडम, बिनखिडकीची घ्या. आणि नंबर मागू नका. तुमचं बुकिंग पक्कं, पण केबिन कुठली ते कंपनी शेवटी ठरवेल. सगळ्यात स्वस्त तेच."

"पण शेवटी कुठली देतील?"

"ते तुमचं नशीब. झोपायलाच तर जायचंय."

झोपायलाच तर जायचं होतं, म्हणूनच मला काळजी होती. मी सायबर कॅफेत गेले आणि त्या बोटीचा नकाशा शोधून काढला. दहा मजले, प्रत्येक मजल्याचं वेगळं पान. मूळ नकाशा रंगीत होता. एकेका दराच्या केबिनला एकेक रंग. पण तिथला प्रिंटर काळापांढरा. छापून आलं तेव्हा महाग आणि स्वस्त सगळ्या केबिन सारख्याच राखाडी झाल्या होत्या. मग मी एका कागदावर दरांची यादी लिहून आणली आणि घरी जेवणाच्या टेबलावर शाळेतली रंगीत पेन्सिलींची पेटी घेऊन बसले. वीस वर्षं मी मुलांना पर्जन्यमानाचे नकाशे रंगवायला लावत होते. आता मीच केबिन रंगवत होते. बिनखिडकीच्या पिवळ्या, गोल खिडकीच्या हिरव्या, बाल्कनीवाल्या लाल. लालकडे मी बघायचंही नाही असं ठरवलं होतं.

मला खरं तर हिरवी हवी होती. समुद्रावर जायचं आणि केबिनला खिडकी नाही, हे मला पटत नव्हतं. पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. प्रत्येक मजल्यावर काही जागा कोऱ्या होत्या. ना नंबर, ना नाव. मी त्या मोजत बसले होते, तेवढ्यात पाठीमागून सासऱ्यांचा आवाज आला.

"उलटं धरलंयस. नाक तिकडे."

ते कधी येऊन उभे राहिले मला कळलंच नव्हतं. मी पान फिरवलं. मग मी त्या कोऱ्या जागेवर पेन्सिल टेकवून विचारलं, "बाबा, इथे काय असतं? इथे काहीच छापलेलं नाही."

ते खुर्ची ओढून बसले. "काय छापलं नाय म्हणजे काय नाय, असं समजू नकोस. बोटीला चालवायला लागतं ते सगळं तिथेच असतं. स्वयंपाकघर, धुणंधोपाट, सामानाची लिफ्ट, धुराड्याची नळी. आणि माणसं. पाशिंजरांना दाखवायचं नसतं ते कोरं ठेवतात. तुला शांत पायजे ना? मग पयले ह्या कोऱ्या जागा बघ. ह्यांच्या बाजूला नको, खाली नको, वर नको."

इतकी वाक्यं त्यांच्या तोंडून बोटीबद्दल मी दहा वर्षांत ऐकली नव्हती. मी भीत भीत पेन्सिल पुढे केली. त्यांनी ती घेतली.

त्यांनी आधी बोटीच्या नाकाकडच्या सगळ्या केबिनवर फुली मारली. "इकडे नांगराची साखळी. पहाटेची सुटली की वाटेल घर पडलं." मग शेपटीकडच्या फुल्या. "खाली पाण्यात बोट ढकलणारा स्क्रू फिरतो. सगळं थडथडतं. तुझ्या सासूला लहानपणी मुंबईला जाताना बोट लागलेली, ठाऊक आहे ना? पुढे नि मागे बोट जास्त हलते. मधे पायजे. मधे आणि खाली. तिथे हलणं कमी."

"म्हणजे स्वस्तातलीच बरी?"

"हलण्याच्या बाबतीत होय. वरच्या बाल्कनीवाल्याला जास्त झोके."

हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना हाक मारली. त्या ओले हात पुसत आल्या आणि आमच्या दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. सासरे आता पुरते रंगात आले होते. त्यांनी मला दोन मजल्यांची पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायला सांगितली. दुपारचं ऊन होतं. उजेडात खालच्या मजल्याच्या केबिन आणि त्यांच्या डोक्यावर काय आहे ते एकत्रच दिसायला लागलं. मी मुलांना नद्या आणि डोंगर असेच काचेवर धरून गिरवायला शिकवते, आणि मला हे सुचलं नव्हतं!

"नाचायची जागा," मी वाचत गेले. "उपाहारगृह. इथे जिना. हे छोट्या मुलांचं खेळायचं."

"फुली. फुली. जिन्याजवळ फुली, लोक रात्री बोलत उभे राहतात. मुलांचं तर डबल फुली."

"मग कशी पायजे?" सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी तळहात आडवे करून एकावर एक ठेवले. "वर निजलेली माणसं, खाली निजलेली माणसं, मधे तू."

शेवटी पिवळ्यातल्या अकरा केबिन उरल्या. त्यातल्या चार केबिनमध्ये, दोन-दोनच्या मधे, मला एकेक बारीक दुतोंडी बाण दिसला. नकाशाच्या कोपऱ्यात भिंगाने वाचावं लागेल अशा अक्षरांत त्याचा अर्थ दिला होता: या दोन केबिनच्या मधे आतून दार आहे, एकत्र आलेल्या कुटुंबांसाठी. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मधे दार म्हणजे पलीकडचा खोकलेला पण ऐकू येणार. खोडा." राहिल्या सात.

आता अडचण अशी होती की स्वतः निवडलेल्या नंबरची केबिन घ्यायची तर दर चढत होता. आणि खिडकी आणि हवा तो नंबर, ही दोन्ही सुखं आमच्या ठरलेल्या रकमेत बसत नव्हती. मी हिशेब सांगितला. मनात होतं की सासूबाई खिडकीच म्हणतील.

"नंबर आपला पायजे," त्या म्हणाल्या. "खिडकीतून काय बघायचं ते वर जाऊन बघू. निजायला काळोखच बरा."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आल्यावर मुंबईच्या बुकिंग ऑफिसला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून पंचवीस-सव्वीस वर्षांची. मी तिला सातही नंबर वाचून दाखवले आणि विचारलं, "यातल्या कुठल्या केबिनच्या आसपास बर्फाचं मशीन, कपडे इस्त्री करायची खोली किंवा झाडूवाल्यांची पँट्री आहे का?"

तिने नंबर परत एकदा वाचून घेतले. मग म्हणाली, "मॅडम, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. लोक फक्त बुफेत काय काय असतं ते विचारतात."

"तुम्हाला कळू शकेल?"

"बोट परवा बंदरात येतेय. मी बघते."

मला वाटलं, फोन टाळायची ही रीत असेल. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला, आणि ती स्वतः बोटीवर जाऊन त्या मजल्यावर फिरून आली होती! सातांपैकी तीन केबिनच्या समोर एक बिननावाचं दार होतं आणि त्यामागे ट्रॉल्या ठेवत होते. एका केबिनच्या भिंतीपलीकडे पाण्याचा पाइप वाजत होता. "पण एक आहे मॅडम," ती म्हणाली, "मी आत उभी राहून दार लावलं, आणि मला माझंच घड्याळ ऐकू आलं." तिलाही आता या गोष्टीत रस वाटायला लागला होता. ती केबिन आम्ही घेतली. सासऱ्यांनी नकाशावर तिच्याभोवती गोल काढला आणि घड्याळाकडे बघून काहीतरी आकडेमोड केली. "रात्री सुटणार ना? सकाळी साताच्या सुमाराला आपल्या रत्नागिरीसमोरून जाल. डाव्या हाताला बघा. लांब असाल, पण हवा स्वच्छ असली तर किल्ल्याचा डोंगर दिसेल."

नाताळच्या सुट्टीत आम्ही कोकण रेल्वेने मुंबई गाठली आणि संध्याकाळी बंदरावर गेलो. बोट समोर दिसली तेव्हा सासूबाई थांबल्या. मला वाटलं, घाबरल्या. पण त्या मान मागे टाकून नुसत्या बघत होत्या, एखाद्या उंच झाडावर नारळ किती आहेत ते बघावं तसं. "ही पाण्यावर राहते?" त्यांनी विचारलं. मी भूगोलाची शिक्षिका, तरी त्या क्षणी मला तो प्रश्न अगदी योग्य वाटला.

आमची केबिन लहान होती. दोन पलंग, एक आरसा, कपाट, आणि बाथरूम इतकं छोटं की आत गेल्यावर वळायचं आधी ठरवावं लागे. सासूबाईंनी चारही भिंतींवर टिचक्या मारून पाहिल्या. मग त्या दार उघडून बाहेर गेल्या. शेजारच्या केबिनमध्ये एक गुजराती जोडपं सामान लावत होतं. "त्यांना विचार," सासूबाई मला म्हणाल्या, "घोरतात का."

"आई, असं कसं विचारू?"

"हिंदीत विचार."

मी विचारलं नाही. मी नमस्कार केला, आणि सासूबाईंनी स्वतःच नाकाकडे बोट दाखवून घोरण्याचा आवाज काढून दाखवला. ते गृहस्थ आधी गोंधळले आणि मग मोठ्याने हसले. त्यांची बायको नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "थोडा थोडा." त्यांनी आम्हाला ढोकळा दिला, आम्ही त्यांना आवळासुपारी दिली.

जेवण झाल्यावर बोट सुटली. आम्ही कठड्याशी उभ्या राहून मुंबईचे दिवे मागे जाताना पाहिले आणि खाली आलो. गादीखालून अगदी मंद, सततचा कंप येत होता. पाण्याच्या ग्लासकडे बघितलं तरच कळेल इतका. दिवा घालवला आणि असा काळोख झाला की डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते कळेना. मी मनाशी म्हटलं, पहाटे सहाला उठू, वर जाऊ, सातला रत्नागिरी.

मला जाग आली तेव्हा तसाच काळोख होता. अजून रात्रच आहे असं समजून मी परत कूस बदलली. मग कधीतरी बाथरूमला जायला उठले, दिवा लावला आणि घड्याळात साडेनऊ वाजलेले! सासूबाई एका कुशीवर, तोंड उघडं, गाढ झोपेत होत्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण मी त्यांना झोपलेलं तोपर्यंत कधी पाहिलंच नव्हतं. घरात त्या माझ्या आधी उठलेल्या असत, आणि रात्री मी पाणी प्यायला उठले तर काळोखातून "कोण गो?" असं विचारत. मी पलंगाजवळ उभी राहिले, त्यांना उठवावं की नाही कळेना. शेवटी हाताला हात लावला.

"सात वाजले?" त्यांनी विचारलं.

"साडेनऊ. रत्नागिरी गेली, आई."

त्या उठून बसल्या. थोडा वेळ त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी बोटांवर तास मोजले, दोनदा मोजले. "दहा तास? मी?" त्या माझ्याकडे संशयाने बघू लागल्या. "काय घातलंस मला जेवणात?" आणि मग त्यांना हसू फुटलं, ते थांबेचना. "ह्यांनी सगळ्या फुल्या मारल्या, पण उठायचं कसं ते नाय सांगितलं!"

गोव्यात आम्ही एक दिवस हिंडलो. तिसऱ्या दिवशी दुपारी बोट परतीला निघाली. जेवणानंतर मी पुढे चालले होते आणि सासूबाई मागून येत होत्या. मधेच वळून बघते तर त्या नाहीत. गालिच्याच्या त्या लांब बोळात एक पांढरं दार हळूहळू बंद होत होतं. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं की हे कर्मचाऱ्यांसाठी आहे. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. मी धावले आणि आत गेले.

आत जणू दुसरीच बोट होती. गालिचा संपला होता. खाली हिरव्या रंगाचं लोखंड, वर पाइपच पाइप, हवेत साबणाचा आणि तेलाचा उबट वास. आणि आवाज. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला टेकून उभं राहावं तसा तो पायातून वर येत होता. सासूबाई मधोमध उभ्या होत्या. समोरून पन्नाशीचा एक माणूस टॉवेलांची चळत घेऊन येत होता.

"माताजी, इधर नहीं," तो म्हणाला.

"जिना चुकले बाबा मी," सासूबाई मराठीत म्हणाल्या.

तो थांबला. "कुठच्या तुम्ही?"

"रत्नागिरी. सासर पूर्णगड."

"मी वेळणेश्वरचा." त्याने टॉवेल एका हातावर घेतले. मी माफी मागून सासूबाईंचा दंड धरला, पण त्या हलल्या नाहीत.

"आमचे हे तीस वर्षं बोटीवर होते," त्या म्हणाल्या. "इंजनात. निजायचे कुठे ते मला ठाऊक नाय. कधी सांगितलं नाय. तुम्ही कुठे निजता?"

त्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बोळाच्या दोन्ही टोकांकडे. "अर्धा मिनिट," तो म्हणाला आणि डावीकडचं एक दार उघडलं. आमच्या केबिनच्या निम्मी जागा. एकावर एक दोन पलंग, प्रत्येकाला पडदा. खुंटीवर एक शर्ट, तो सारखा हलत होता. आरशाच्या कोपऱ्यात गणपतीचं स्टिकर. सासूबाईंनी आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्यातूनच हात लांब करून त्यांनी पलंगाजवळच्या भिंतीला तळवा लावला. भिंत थरथरत होती, ते मला त्यांच्या बांगड्यांवरून कळलं.

"ह्यात झोप लागते?" त्यांनी विचारलं.

"ह्यातच लागते, मावशी. त्रास घरी होतो. घरी गेलो की पयले पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाय. कानात नुसती शांतता वाजते."

आम्ही त्याचे आभार मानून परत आलो. सासूबाई केबिनमध्ये पलंगावर बसल्या. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. सासरे सुट्टीवर आले की रात्री पंखा लावत. माघातल्या थंडीतही, अंगावर दोन गोधड्या घेऊन, पंखा मोठ्यावर. जुना पंखा होता, खडखड करायचा. त्या आवाजाने सासूबाईंना झोप येत नसे, म्हणून सासऱ्यांचा डोळा लागला असं वाटलं की त्या उठून पंखा बंद करत. आणि थोड्या वेळाने सासरे उठून ओटीवर जाऊन बसत. "दरवर्षी," त्या म्हणाल्या. "दरवर्षी मला वाटायचं, ह्यांना घरात करमत नाय. ह्यांचा जीव तिकडेच आहे. एकदा मी रागाने विचारलं पण, की तिकडे कोण बसलीय का? तर म्हणाले, नाय गो. आणि गप्प."

मी त्यांना पाणी दिलं.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला न जाता कठड्याशी थांबलो. आठच्या सुमाराला उजवीकडे, खूप लांब, एक दिवा लुकलुकला. गेला. परत आला. मी म्हटलं, "आई, आपल्या किल्ल्याजवळचं दीपगृह." त्या दिव्याच्या खालच्या काळोखात कुठेतरी आमचं घर होतं आणि त्यात सासरे आणि माझे यजमान मुगाची खिचडी करून खात असणार. सासूबाईंनी दिवा बराच वेळ पाहिला. "एवढाच दिसतो?" त्या म्हणाल्या. आणि मग, "थंडी वाजतेय. चल."

घरी पोचलो त्या दुपारी सासऱ्यांनी पहिला प्रश्न केबिनचा विचारला. सासूबाईंनी दहा तासांची झोप सांगितली. सासरे इतके खूश झाले की माझ्या यजमानांना बोलावून परत ऐकवायला लावलं. मग चहा झाल्यावर सासूबाई सरळ म्हणाल्या, "अहो, तुम्ही पंखा आवाजासाठी लावायचात?"

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता चपला घालून निघतील. पण ते बसून राहिले.

"कोणी सांगितलं?"

"वेळणेश्वरच्या एकाने. मला का नाय सांगितलंत?"

"काय सांगणार? घरी आलो, बायकापोरं आहेत, सगळं शांत आहे, म्हणून झोप येत नाय? हे काय सांगण्यासारखं आहे?" त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "तू पंखा बंद करायचीस तेव्हा मी जागाच असायचो. म्हटलं, दिवसभर राबतेस. निज."

"मी पण जागीच असायची," सासूबाई म्हणाल्या.

मी कप उचलून आत गेले. बाहेर ते दोघं किती वेळ बसले होते, मला माहीत नाही.

त्या आठवड्यात माझ्या यजमानांनी माळ्यावरचा जुना टेबलपंखा काढून दुरुस्तीला नेला. दुकानदाराने खडखड घालवून दिली, तर सासऱ्यांनी तो परत पाठवला. आवाज पुन्हा आणायला त्या बिचाऱ्याला दोन दिवस लागले. पंखा मागच्या खोलीत लागला आणि सासऱ्यांचा पलंगही तिथेच गेला. सासूबाई माजघरात, दार घट्ट लावून, खिडकीला जाड पडदा लावून निजू लागल्या. दहा तास कधी जमलं नाही, पण सहा जमायला लागले, आणि कौलावरच्या मांजराचा रंग त्यांना कळेनासा झाला.

होळीला सासूबाईंची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, पूर्णगडहून आल्या; त्यांनाही तिथेच दिलेलं. दोन वेगळ्या खोल्यांतले दोन पलंग बघून मावशींचे डोळे मोठे झाले. मी कोपऱ्यात पुरण वाटत होते. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "ह्या वयात भांडलात की काय गो?"

"नाय गो," सासूबाई म्हणाल्या, "आता कुठे ओळख झाली."

मावशींना त्यातलं काही कळलं नाही. पुरणात वेलची घातलीय की जायफळ, ते त्यांनी विचारलं, आणि बोलणं तिकडे वळलं.